नाण्यावरचा संत आणि नाण्यातलं सोनं

जर्मनीतल्या मराठी माणसांच्या गप्पांत सोन्याचा भाव निघाला की हल्ली कुणीतरी हटकून मला विचारतं, "काका, इथली जुनी सोन्याची नाणी घेऊन ठेवली तर? लूथरच्या काळातली मिळतात म्हणे." मिळतात. लिलावात मिळतात, दुकानांत मिळतात, जुन्या बाजारात टेबलावर मखमल पसरून मांडलेलीही मिळतात. मी न्यूरेम्बर्गला राहतो, आयुष्यभर कारखान्यात धातू तपासायचं काम केलं आणि या नाण्यांचा नाद फार जुना. त्यामुळे चार गोष्टी सांगायचा अधिकार आहे असं समजतो. माझं उत्तर ठरलेलं असतं. जरूर घ्या, पण नाण्यावर काय लिहिलंय ते सगळ्यात शेवटी वाचा. आधी काटा, मग भिंग, मग कागद. विकणारा नेमका उलटा चालतो. तो आधी गोष्ट सांगतो.

आणि गोष्ट जबरदस्त आहे, हे मान्यच करायला हवं. ब्रांडेनबुर्गचा आल्ब्रेख्त हा राजघराण्यातला तरुण 1513 साली माग्डेबुर्गचा आर्चबिशप झाला, हाल्बरश्टाटचा कारभारही त्याच्याकडे आला आणि पुढच्याच वर्षी माइन्झची गादी त्याला मिळाली. वय अवघं चोवीस. इतकी पदं एकाच्या हाती ठेवायला रोमची परवानगी लागते, आणि परवानगीला पैसे. आउग्सबुर्गच्या फुगर पेढीनं त्याला 29,000 ऱ्हाइनिश गुल्डन कर्जाऊ दिले. त्या वेळच्या गुल्डनमध्ये अडीच ग्रॅमच्या आसपास शुद्ध सोनं असे, म्हणजे हिशेब सत्तर किलोच्या पुढे जातो. हे कर्ज फेडायचं कसं, तर पापमुक्तीची पत्रं विकून. निम्मे पैसे रोममधल्या सेंट पीटरच्या बांधकामाला, निम्मे फुगरांना. आल्ब्रेख्तच्या नावानं निघालेल्या सूचनांमध्ये चक्क दरपत्रक होतं. राजे, राण्या, बिशप यांनी निदान 25 ऱ्हाइनिश गुल्डन द्यावेत, खालच्या पायरीवरच्यांनी कमी, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं उपास आणि प्रार्थना करावी. सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडणारा संस्थानिक, फ्रेडरिक यानं आपल्या मुलुखात ही विक्री होऊ दिली नाही, म्हणून विटेनबर्गची माणसं हद्द ओलांडून युटरबोगला जात. तिथे ही पत्रं विकणारा योहान टेट्झेल पेटी घेऊन बसलेला. 31 ऑक्टोबर 1517 ला धर्मसुधारक लूथरनं या विक्रीविरुद्धची आपली 95 कलमं ज्या पत्रासोबत पाठवली, ते पत्र याच आल्ब्रेख्तला होतं. पुढे 1525 मध्ये लूथरचं लग्न झालं तेव्हा याच गृहस्थांनी वीस गुल्डन आहेर पाठवला. लूथर घ्यायला तयार नव्हता, त्याच्या बायकोनं, काटारीनाबाईंनी, ठेवून घेतला. संसार कुणाला चालवायचा होता ते उघड आहे.

एवढी गोष्ट ऐकल्यावर समोरचं नाणं हातात घेताना बोटं थरथरतात. विकणाऱ्याला तेच हवं असतं. "कोण जाणे, टेट्झेलच्या पेटीत पडलेलंच असेल," असं वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते आलं की मी खिशातून काटा काढतो. टेट्झेलच्या पेटीत सामान्य माणूस टाकणार ते पदरातलं चांदीचं किडूकमिडूक. सोन्याचा गुल्डन ही मोठ्या व्यवहाराची चीज. आणि खरोखर मोठा व्यवहार असला तर पुष्कळदा नाणं हलायचंही नाही. 1519 साली पाचव्या चार्ल्सला सम्राट करायला साडेआठ लाखांवर गुल्डन लागले, त्यातले पाच लाख चव्वेचाळीस हजारांच्या घरातले एकट्या याकोब फुगरनं उभे केले. ते थैल्या मोजून वाटलेले नाहीत, त्यात हुंड्या होत्या, आणि निवड झाली तरच वटणाऱ्या.

तर गोष्ट बाजूला ठेवून आधी नाणं कसलं आहे ते पाहू. गुल्डनचा मूळ नमुना फ्लॉरेन्सचा. तिथे 1252 पासून साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं नाणं पडत होतं. ऱ्हाइनकाठच्या चार इलेक्टरांनी, म्हणजे माइन्झ, ट्रिअर आणि कलोनचे आर्चबिशप आणि पॅलाटिनेटचा काउंट यांनी, 1386 च्या सुमाराला एकत्र येऊन एकाच वजनाकसाचे गुल्डन पाडायचा करार केला. सुरुवातीचा कस 23 कॅरट. 1419 पर्यंत तो 19 वर आला आणि पंधरावं शतक संपताना साडेअठरावर स्थिरावला. वजनही घटलं. लूथरच्या काळातला ऱ्हाइनिश गुल्डन म्हणजे साधारण सव्वातीन ग्रॅमचं, साडेअठरा कॅरटचं नाणं, आपल्या पाव तोळ्याहून जरासं जास्त. त्याच्या जोडीला डुकाट. हा व्हेनिसचा वंशज, 1284 पासूनचा, आणि याचा कस कुणी फारसा उतरवला नाही. 1559 च्या आउग्सबुर्ग नाणे-फर्मानानं डुकाटला साम्राज्याचं अधिकृत सोनं म्हणून मान्यता दिली. कलोनच्या एका मार्कातून, म्हणजे सुमारे 234 ग्रॅममधून, 67 नग, कस 23 कॅरट 8 ग्रेन, म्हणजे जवळजवळ शुद्ध सोनं. गुल्डन मात्र त्याच मार्कातून 72 नग आणि कस साडेअठराच. आपल्याकडच्या जुन्या घरांत आजीच्या पुतळीमाळेत अस्सल पुतळी असेल, तर ती व्हेनिसच्या याच डुकाटाच्या कुळातली. त्यामुळे मराठी माणसाला डुकाटचा पिवळेपणा चटकन ओळखीचा वाटतो, आणि गुल्डन पाहिला की तो नाक मुरडतो. इथेच पहिला घोटाळा होतो.

ऱ्हाइनकाठच्या एका गावात जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. एका टेबलावर चार ढालींचा क्रॉस असलेला इलेक्टरी गुल्डन होता. अक्षरं ठसठशीत, रंग पिवळाधमक. माझ्याबरोबर पुण्याहून आलेला पुतण्या होता. तो हळूच म्हणाला, "काका, सोनं बघा ना, बावीस कॅरटच्या खाली नसेल." मी म्हटलं, "म्हणूनच तर शंका येतेय." विकणाऱ्यानं तपासायला हरकत घेतली नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. सहस्रांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, पाण्याचा छोटा पेला आणि रेशमाचा धागा एवढंच सामान. हवेत वजन भरलं 3.30 ग्रॅम. पाण्यात बुडवून टांगलं तेव्हा 0.187 ग्रॅमची तूट आली. भागाकार केला की घनता निघते 17.6. खऱ्या साडेअठरा कॅरटच्या गुल्डनची घनता, मिसळ चांदीची जास्त की तांब्याची जास्त त्याप्रमाणे, 15.3 ते 16.2 च्या दरम्यान यायला हवी. 17.6 म्हणजे आजच्या सोनाराचं बावीस कॅरट. कुणीतरी दागिन्याचं सोनं वितळवून, अस्सल नाण्यावरून साचा घेऊन ओतलेलं नाणं होतं ते. भिंगातून पाहिलं तेव्हा मग बाकीचंही दिसलं. अक्षरांच्या कडा ठोकल्यासारख्या धारदार नव्हत्या, जरा साबणासारख्या गोल होत्या, आणि ढालीच्या खाचेत सुईच्या टोकाएवढे दोन खड्डे, ओतताना अडकलेल्या हवेचे. पण आधी भिंग घेतलं असतं तर ते खड्डे मी कदाचित झिजेच्या नावावर घातले असते. काट्यानं आधी कान टोचले म्हणून डोळ्यांनी नीट पाहिलं.

सोनं गरजेपेक्षा चांगलं निघालं म्हणून वस्तू खोटी ठरते, हे आपल्या मनाला पटायला जड जातं. सराफाकडे आपण कमी कसाला घाबरतो, इथे जास्त कसालाही घाबरायचं. डुकाटचं गणित वेगळं. त्याची घनता 19 च्या जवळ यायलाच हवी. 17 आली तर सरळ परत करा.

घरी आणून सोनाराकडे मात्र नेऊ नका. आपला सोनार सवयीनं नाणं कसोटीच्या दगडावर ओढणार, आणि कडेवर पडलेली ती रेघ पुढचं प्रत्येक गिऱ्हाईक पाहणार. कसोटी त्या काळातही होतीच. योआखिमश्टालला वैद्यकी केलेल्या आग्रिकोलाच्या 1556 साली निघालेल्या खाणविद्येच्या ग्रंथात ठरावीक कसाच्या सुयांचं वर्णन आहे. सोनं-चांदीच्या सुया वेगळ्या, सोनं-तांब्याच्या वेगळ्या. दगडावर नाण्याची रेघ आणि शेजारी सुईची रेघ ओढायची आणि रंग जुळवायचा. त्याला नाण्याची पुढची पिढी जपायची नव्हती. आपल्याला जपायची आहे. पाण्यातलं वजन किंवा क्ष-किरणांचं यंत्र एवढंच करा. यंत्र वरवरचा थर वाचतं, तेव्हा दोन्ही केलेलं उत्तम.

आता भिंगाखाली. नाण्याच्या कडेवर, विशेषतः डोक्याच्या बाजूला घड्याळातल्या बाराच्या ठिकाणी, आधी पाहा. ही नाणी युरोपातल्या बायकांनीही गळ्यात घातली आहेत. कुणी भोक पाडलं, कुणी कडी झाळली, कुणी चौकटीत बसवलं. शंभर-दोनशे वर्षांनी कुणीतरी कडी काढून कडा घासून सारखी केली. तिथे रंग एक छटा फिका दिसतो, मण्यांच्या वर्तुळातले दोन-तीन मणी सपाट झालेले असतात आणि वजन तीन ग्रॅमच्याही खाली गेलेलं असतं. बुजवलेलं भोक तर आणखी फसवं. समोरून दिसत नाही, मागच्या बाजूला अक्षराचा एक पाय अचानक जाड होतो. आपल्या माळेतल्या पुतळ्यांना कड्या असणारच, त्याला आपण खोट म्हणत नाही. लिलावाच्या बाजारात मात्र तेवढ्या एका खुणेनं किंमत निम्म्यावर येते. एकदा टपालानं मागवलेल्या डुकाटवर मला अशी घासलेली कडा सापडली, वर्णनात तिचा शब्दही नव्हता. मी छायाचित्रं आणि वजन लिहून नाणं परत पाठवलं. बरेच ईमेल झाले, पैसे मिळाले. मिळाले ते मुदतीच्या आत पाठवलं म्हणून. तेव्हा पाकीट आल्या दिवशीच वजन करा, दिवाळीची वाट पाहू नका.

जर्मन याद्यांतले पाच-सहा शब्द पाठ असले की निम्मं काम होतं. 'हेंकेलश्पुर' म्हणजे कडीची खूण. 'गेलोख्ट' म्हणजे भोक पाडलेलं. 'गेफास्ट' म्हणजे कधीतरी चौकटीत बसवलेलं. 'राण्डफेलर' म्हणजे कडेला दुखापत. 'नाखप्रेगुंग' म्हणजे त्याच छापानं पण नंतर पाडलेलं. हा शेवटचा शब्द सगळ्यात महागात जातो, आणि त्याचं उदाहरण आमच्याच ओळखीतलं आहे.

एका घरी बारसं होतं. बाळाच्या आत्यानं हौसेनं 1616 सालचं सोन्याचं नाणं आणलं होतं. दुकानदारानं सांगितलं, चारशे वर्षांपूर्वीचं, सॅक्सनीच्या राजमातेनं पाडलेलं. त्यात खोटं एकच होतं. सॅक्सनीच्या इलेक्टरची विधवा सोफी हिनं 1616 च्या नाताळासाठी आपल्या मुलांना म्हणून हे डुकाट पाडून घेतले, हे खरं. त्यावर देवाचा डोळा आहे, येशूच्या नावाची तीन अक्षरं आहेत आणि ज्याला लेकरांचं सुख लाभलं तो धन्य, अशा अर्थाची ओळ आहे. ती ओळ लोकांना इतकी आवडली की नाणं बाप्तिस्म्याच्या आहेराचं नाणं होऊन बसलं आणि ड्रेस्डेनची टाकसाळ ते पाडतच राहिली, थेट 1872 पर्यंत. साल बदललं नाही. प्रत्येकावर 1616 च. आत्याबाईंचं नाणं हातात घेतलं तेव्हा सोनं खरं, वजन साडेतीन ग्रॅमच्या जवळ, सगळं चोख. पण कडा एकसारखी गोल, पृष्ठभाग आरशासारखा सपाट. हातोड्यानं पाडलेल्या नाण्याला असा सपाटपणा येत नाही. हे यंत्रावरचं, बहुधा एकोणिसाव्या शतकातलं. बारशाच्या घरात हे बोलायचं कसं? मी म्हटलं, "ताई, आहेर नेमका आहे, हे नाणं बारशासाठीच असतं." पावतीचं नंतर फोनवर बोललो. पावतीवर फक्त 'डुकाट, 1616' एवढंच होतं, आणि तेवढं तर खरंच होतं. दुकानात परत काही मागायला जागाच उरली नव्हती.

म्हणून पावतीवर दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या. नाण्यावरचं साल कोणतं, आणि नाणं प्रत्यक्षात कधी पाडलेलं आहे असं विकणारा म्हणतो. प्रामाणिक दुकानदार हे एका मिनिटात लिहून देतो. जो 'असं कुणी लिहीत नाही' म्हणतो त्याच्याकडून घ्यायचं नाही, इतका साधा नियम मी पाळतो.

सालाच्या बाबतीत उलट प्रकारही होतो, म्हणजे खरं साल वाचताच येत नाही. पंधराव्या शतकाच्या शेवटी आणि सोळाव्याच्या सुरुवातीला आकड्यांची वळणं आजच्यासारखी नव्हती. चार म्हणजे अर्धा आठ, खाली दोन पाय फाकलेले. सात म्हणजे उलटा ठेवलेला इंग्रजी व्ही. पाच कधी कधी नुसता आकडा, भिंतीवर ठोकतात तसा. 1497 हे साल पहिल्यांदा पाहणारा माणूस ते साल आहे हेच मानत नाही. लिलावाच्या याद्यांतही कुणी नवखा चुकीचं वाचतो. बर्लिनच्या बोडे संग्रहालयातल्या नाणेसंग्रहाची यादी संगणकावर छायाचित्रांसह खुली आहे. तिथे आकड्यांची वळणं पाहून डोळा तयार करा, फुकट शाळा आहे. ड्रेस्डेनच्या राजवाड्यातला नाणेसंग्रह तर सॅक्सनीच्या नाण्यांसाठी प्रत्यक्ष जाऊनच पाहावा असा.

आणि मग संत. माझ्या गावची गंमत सांगतो. न्यूरेम्बर्गनं 1525 च्या मार्च महिन्यात भरसभेत वाद घालून लूथरचा पंथ धरला. मठ एकामागून एक मिटत गेले, संतांच्या मिरवणुका थांबल्या. पण शहराच्या सोन्याच्या गुल्डनवर संत लॉरेन्स होता. एका हातात ग्रंथ, दुसऱ्या हातात ज्या लोखंडी जाळीवर त्याला भाजलं ती जाळी. तो जागचा हलला नाही. सतराव्या शतकातही शहर लॉरेन्सचे गुल्डन पाडतच होतं. माझ्या एका अभ्यासू मित्रानं त्याच्याकडचा लॉरेन्स गुल्डन 'कॅथलिक, म्हणजे 1525 च्या आधीचा' असा वहीत नोंदवून ठेवला होता. आम्ही साल वाचलं तर ते 1600 च्या पलीकडचं निघालं. त्याचं तर्कशास्त्र चुकीचं नव्हतं, नगरपालिकेचं वेगळं होतं. परमुलखातला व्यापारी नाणं ओळखतो ते चित्रावरून. फ्रांकफुर्टच्या जत्रेत कुणी घ्यायला कांकू करू नये म्हणून जो चेहरा बाजाराला ठाऊक आहे तो ठेवायचा. पूजेतून संत काढणं सोपं गेलं, गल्ल्यातून काढणं परवडणारं नव्हतं. तेव्हा संत दिसला म्हणून जुनं, आणि नुसती ढाल दिसली म्हणून नवं, असा निकाल कधीही लावू नका. योहान बाप्तिस्मा करणारा तर सगळ्यांनीच वापरला आहे, कारण फ्लॉरेन्सच्या मूळ नाण्यावर तोच होता.

हांबुर्गचं प्रकरण याहून मजेदार, आणि त्यात आपलाही लांबचा धागा आहे. पोर्तुगालच्या मान्युएल राजानं वास्को द गामा परतल्यानंतर दहा क्रुझादोचं, 35 ग्रॅमचं भलंमोठं सोन्याचं नाणं पाडलं. त्याच्या कडेच्या संक्षिप्त अक्षरांत इथियोपिया, अरबस्तान, इराण आणि शेवटी नुसत्या एका 'आय'मध्ये हिंदुस्थान, इतक्या ठिकाणच्या व्यापाराचा तो धनी म्हणवतो. गोवा घेण्याच्याही आधीची ही मिरवणूक. हे नाणं उत्तरेच्या बंदरांत इतकं चाललं की 1529 मध्ये लूथरपंथी झालेल्या हांबुर्गनं सोळाव्या शतकाच्या मध्याला त्याच वजनाचं आपलं नाणं काढलं आणि त्यावर चक्क लिहिलं की हे पोर्तुगाली वजनाचं आणि पोर्तुगाली कसाचं. नावही पोर्तुगालोझर. पण नंतरच्या शतकांत त्याच नावानं भेटीची, समारंभाची पदकं निघाली, तीही दहा डुकाट वजनाची. दोन्हींत सोनं तेवढंच, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. कुणी 'पोर्तुगालोझर' म्हटलं की आधी साल विचारा, मग ते व्यवहारात फिरलेलं आहे का ते झिजेवरून पाहा.

आता कागदाकडे. नाणी न घेणाऱ्या, पण त्या काळावर मराठीत लिहिणाऱ्या मित्रांसाठीही हा भाग आहे. कागदावरचा गुल्डन आणि पेटीतला गुल्डन एकच असेल असं धरून चालू नका. सोनं पुरेना म्हणून टिरोलच्या हाल टाकसाळीत 1486 साली एका सोन्याच्या गुल्डनच्या मोलाचं चांदीचं मोठं नाणं पडलं. सॅक्सनीत आनाबेर्गच्या आणि बोहेमियात योआखिमश्टालच्या खाणींनी चांदीचा पूर आणला आणि हिशेबाचा गुल्डन हळूहळू सोन्यापासून सुटला. सॅक्सनीच्या वह्यांत गुल्डन म्हणजे 21 चांदीचे ग्रोशन, सोन्याचा भाव काहीही असो. 1551 च्या नाणे-फर्मानात सोन्याचा गुल्डन 72 क्रॉयत्सर या छोट्या नाण्यांचा आणि त्याच मोलाचं चांदीचं नाणं. आठच वर्षांनी, 1559 मध्ये, सोन्याचा गुल्डन 75 क्रॉयत्सर, डुकाट 104, आणि हिशेबाचा गुल्डन 60. म्हणजे 1560 नंतरच्या एखाद्या चर्चच्या वहीत 'शंभर गुल्डन' दिसले, तर पेटीत सोन्याची ऐंशीच नाणी असू शकतात, आणि बहुधा एकही नसेल, सगळी चांदी. आमच्या भागातल्या एका हौशी इतिहास मंडळात जुन्या देणग्यांचं वाचन चाललं होतं. एका उत्साही सभासदानं सगळे गुल्डन आजच्या सोन्याच्या भावानं गुणून एका पाद्र्याला कोट्यधीश करून टाकलं. वहीतच दोन पानं आधी लिपिकानं 'सोन्यात' असा वेगळा शब्द एका नोंदीपुढे घातला होता. ज्या अर्थी तिथे घातला, त्या अर्थी इतरत्र सोनं नव्हतं. वही वाचताना असा शब्द शोधा, तो सगळा हिशेब फिरवतो. लूथरच्या पगाराचे आकडे सोन्यात रूपांतर करून छापण्याआधी तर दहादा विचार करा.

पैशाची व्यावहारिक बाजू थोडक्यात सांगतो. लिलावात हातोडा पडला त्या रकमेवर साधारण 20 ते 25 टक्के आउफगेल्ड, म्हणजे लिलावघराची दस्तुरी, चढतं, ते धरूनच बोली लावा. युरोपीय संघात गुंतवणुकीचं सोनं म्हणून करमाफी मिळते ती 1800 नंतर पाडलेल्या, ठरावीक कसाच्या नाण्यांना. लूथरच्या काळातला गुल्डन त्यात कुठूनच बसत नाही, तेव्हा 'सोनंच आहे, कर लागत नाही' म्हणणारा दुकानदार नाण्याच्या काळाबाबत तरी किंवा कराबाबत तरी खोटं बोलतोय. सोन्याचा साठा म्हणून ही नाणी घ्यायची नाहीतच. अडीच ग्रॅम सोन्यासाठी तुम्ही त्याच्या कितीतरी पट मोजता, ते इतिहासाचे पैसे आहेत, आणि विकताना ते वसूल होतील असं कुणी लिहून देत नाही. भारतात नेणार असाल तर विमानतळावर जाहीर करा. आणि हे फार जणांना ठाऊक नसतं: 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष आहे, आणि पुरावशेष देशाबाहेर न्यायला खासगी माणसाला मुभा नाही. भाच्याच्या लग्नाला मिरवायला म्हणून नेलेला गुल्डन परतीच्या सामानात घालणं म्हणजे अडचणीला आमंत्रण. ज्याचं घर जर्मनीत आहे त्यानं नाणं जर्मनीतच ठेवावं, भाच्याला फोटो दाखवावा.

एक प्रकार राहिला. "आजोबांना शेतात सापडलं," असं सांगून कुणी स्वस्तात देऊ केलं, तर भाव विचारण्याच्याही भानगडीत पडू नका. जर्मनीतल्या राज्यांत जमिनीतून निघालेला असा ठेवा सरकारजमा होतो. बायर्न एवढं एकच राज्य बरीच वर्षं याला अपवाद होतं, तिथेही 2023 पासून तोच कायदा आला. आजोबांना खरंच 1950 साली सापडलं असेल, किंवा नातवाला गेल्या महिन्यात धातूशोधक फिरवताना. ते सिद्ध करायची वेळ नाणं ज्याच्या कपाटात आहे त्याच्यावर येते, आणि पावती तर अशा व्यवहारात कुणी देतच नाही.